लेसचा चामडी फुटबॉल: रोजच्या मॅचला नको, बॅक शिकवायला जरूर घ्या

अठरा पाकळ्यांचा, तपकिरी चामड्याचा, वर लेस बांधलेला जुन्या घडणीचा फुटबॉल हल्ली मेरठ-जालंधरहून घरपोच मिळतो. नाशिकमध्ये तो दोन प्रकारचे लोक घेतात. एकाला दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात ठेवायचा असतो, दुसऱ्याला ऐन पावसाळ्यात मैदानावर न्यायचा असतो. पहिल्याचा हिरमोड दोन महिन्यांत होतो, कारण हवा उतरून बॉल वाटीसारखा बसतो. दुसऱ्याचा हिरमोड पहिल्याच संध्याकाळी. खरा उपयोग तिसऱ्याच माणसाला आहे: शाळेत किंवा क्लबात बचावाची फळी घडवणाऱ्या कोचला. नव्या बॉलवर मुलांना तासभर समजावूनही जे पटत नाही, ते हा बॉल दहा मिनिटांत पटवतो. त्यासाठी आधी बॉब क्रॉम्प्टन कोण होता ते माहीत असलेले बरे.

क्रॉम्प्टन म्हणजे इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लबचा राइट-बॅक, बचावात उजवीकडे उभा राहणारा. जन्म १८७९ चा, ब्लॅकबर्नमधलाच. १८९६-९७ च्या हंगामात क्लबकडून पहिल्यांदा उतरला आणि १९२० साली थांबला. मधली चार वर्षे महायुद्धामुळे लीग बंद होती, तरी एकाच क्लबकडून लीगचे पाचशेच्या वर सामने झाले. मूळचा प्लंबर. वॉटरपोलोही खेळायचा, आणि त्यापायी सुरुवातीला व्यावसायिक करारावर सही करायला तयार नव्हता. इंग्लंडकडून १९०२ ते १९१४ या काळात ४१ सामने खेळला, त्यातल्या २२ मध्ये कप्तान. ४१ हा आकडा आज किरकोळ वाटेल, पण त्या काळी इंग्लंडचे वर्षाचे सामने मुख्यतः तीनच: स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडशी. इंग्लंडकडून सर्वाधिक सामन्यांचा हा विक्रम मोडायला १९५२ साल उजाडले, इंग्लंडच्याच बिली राइटने मोडला. ब्लॅकबर्नने १९११-१२ आणि १९१३-१४ अशी दोनदा लीग जिंकली, दोन्ही वेळा क्रॉम्प्टन संघात होता.

एवढी मोठी कारकीर्द या माणसाने जोरदार लाथ, खांद्याचा धक्का आणि उभे राहण्याची जागा या तीन गोष्टींवर काढली. आजच्या पोरांना हे सांगितले की ती हसतात. ड्रिब्लिंग नाही, मागून पास काढत पुढे जाणे नाही, हे कसले फुटबॉल? त्यांच्या हातात हा बॉल द्यायचा तो याच वेळी.

आता वस्तूबद्दल. खोक्यातून काढल्याबरोबर लेसखाली बोट घालून पाहा. बाजारात या बॉलचे दोन अवतार आहेत आणि जाहिरातीतल्या फोटोत ते हुबेहूब सारखे दिसतात. एकात लेस नुसती शोभेची असते. आत साधे ब्युटाइल ब्लॅडर, पाकळीत नेहमीचा व्हॉल्व्ह, पंपाची सुई घातली की झाले. दुसऱ्यात लेस खरी असते. ती सोडली की चामड्यात बोटभर लांबीची चीर दिसते, चिरेखाली जिभेसारखा चामड्याचा पदर, आणि आत लांब नळीचे लॅटेक्स ब्लॅडर. कपाटात ठेवायचा असेल तर पहिला घ्या, ब्युटाइल महिनोन्‌महिने हवा धरते. शिकवायला दुसरा. विकणाऱ्याला फोनवर एकच प्रश्न विचारा: ‘हवा कुठून भरायची?’ उत्तर ‘सुईने’ आले तर लेस खोटी.

खऱ्या लेसच्या बॉलमध्ये हवा भरणे हे दोन माणसांचे काम आहे, निदान पहिले चार-पाच वेळा तरी. ब्लॅडर थोडे फुगवून कानाशी धरा, गळती असेल तर ऐकू येते. मग हवा सोडा, बाहेरून टाल्कम पावडर चोळा आणि घडी करून चिरेतून आत सरकवा. पावडर टाळली तर लॅटेक्स चामड्याला आतून चिकटते, सुरकुती पडते आणि पहिल्या जोरदार किकला तिथेच फुटते. नळी बरोबर चिरेखाली आली पाहिजे, तिरकी राहिली तर बॉल एका बाजूला जड होतो आणि घरंगळताना लंगडतो. अर्धी हवा भरा, बॉल हातात फिरवून सगळीकडून दाबा म्हणजे ब्लॅडर कोपऱ्यांत बसते, मग उरलेली भरा. आता एकाने नळी चिमटीत धरायची, दुसऱ्याने ती मधोमध दुमडून मेण लावलेल्या दोऱ्याने तीन-चार वेढे देऊन बांधायची. दुमडलेले टोक पदराखाली सपाट दडवायचे आणि लेस ओवायची. लेस बोटांनी ताणली जात नाही. त्यासाठी बोथट टोकाचे दाभण लागते, ते खोक्यात येत नाही. धारदार आरी अजिबात वापरू नका, ब्लॅडरला भोक पडण्याचे सर्वांत मोठे कारण तेच. लेस दोन्ही बाजूंनी सारखी ताणत जा आणि शेवटची गाठ पदराच्या आत ढकला. ती वर राहिली तर पायाला नाही, कपाळाला लागते.

हवा किती? आजच्या नियमाने ०.६ ते १.१ अॅटमॉस्फिअर, म्हणजे साधारण ८.५ ते १५.६ पीएसआय. हाताने शिवलेल्या चामडी बॉलला खालची मर्यादा पुरते. वर गेलात तर लेसच्या चिरेची दोन्ही टोके फाकतात आणि बॉल लेसच्या बाजूने भोपळ्यासारखा फुगतो. लॅटेक्समधून हवा रात्रीतून थोडी झिरपतेच. हा दोष मालाचा नव्हे, लॅटेक्सचा स्वभाव आहे. सरावाच्या दिवशी पुन्हा भरावी लागणार हे धरून चाला.

वजनाच्या बाबतीत विकणारे हमखास चूक करतात. ‘जुना, जड बॉल’ म्हणून तो खपवला जातो आणि काट्यावर ठेवला तर ४४० ग्रॅमच्या आसपास भरतो. १९३७ पर्यंतचा नियम मात्र १३ ते १५ औंसांचा होता, म्हणजे साधारण ३७० ते ४२५ ग्रॅम. तो वाढून १४ ते १६ औंस झाला १९३७ साली, आजचे ४१० ते ४५० ग्रॅम त्यातूनच आलेले. थोडक्यात, क्रॉम्प्टनच्या काळचा रेफरी हा बॉल मैदानाबाहेर काढेल. परिघ मात्र बरोबर असतो: २७ ते २८ इंच, लेसवरून टेप न नेता मोजा. त्या काळचा नेमका अनुभव हवा असेल तर विकणाऱ्याला ४२५ ग्रॅमच्या आतला नग काढून द्यायला सांगा. चांगला दुकानदार तीन-चार नग तोलून देतो.

मग जुना बॉल जड, ही समजूत आली कुठून? पाण्यातून. नियमातले वजन सामना सुरू होतानाचे असते. नंतर चामडे किती पाणी पिते याच्याशी नियमाला कर्तव्य नाही. नाशिकच्या पावसाळी संध्याकाळी, गवतावर पाणी साचलेले असताना अर्धा तास खेळलात तर मेण न लावलेला बॉल सहज पाऊणशे ते शंभर ग्रॅम वाढतो. वर काळी माती टाक्यांमध्ये भरते ती निराळी. आजचा चिकटवलेल्या शिवणीचा सिंथेटिक बॉल त्याच पावसात जवळजवळ कोरडाच राहतो. म्हणून दोन्ही बॉल शेजारी ठेवून एकाच दिवशी वापरायचे. फरक सांगावा लागत नाही, मुलांच्या पायांना कळतो.

ओला झाल्यावर हा बॉल तीन गोष्टी करतो. उसळी मरते, टप्पा गुडघ्याच्या वर येत नाही. जमिनीवरचा पास चिखलात दहा-बारा पावलांवर थांबतो, आणि थांबतो तो बरोबर प्रतिस्पर्ध्याच्या पुढ्यात. हवेत मारला तर लेसच्या बाजूचे जाडेपण आणि ओल एकत्र येऊन बॉल डुलतो. अशा बॉलने स्वतःच्या गोलसमोर आडवा पास द्यायची हिंमत कोणी करत नाही. दोनदा दिला की तिसऱ्यांदा मुलगा आपोआप पुढे उंच मारतो, तोही टच-लाइनच्या दिशेने. क्रॉम्प्टनच्या खेळातली ती ‘नुसती लाथ’ आता त्यांना वेगळी दिसायला लागते. त्या बॉलवर, इंग्लंडच्या जानेवारीतल्या चिखलात, पहिल्या झटक्यात दूर आणि कडेला मारणे हेच शहाणपणाचे होते. धक्क्याचेही तसेच. बॉल पायाला चिकटून हळू चालत असेल तर त्याच्यापेक्षा माणसाला खांदा देऊन बाजूला सारणे सोपे, आणि नियमाला ते मंजूर होते, अगदी गोलकीपरलासुद्धा. हा भाग मुलांना फक्त सांगा, करून दाखवू नका.

किकबद्दल एक सूचना. क्रॉम्प्टनच्या पिढीचे बूट घोट्याच्या वर येणारे, जाड चामड्याचे, पुढे टणक टोपीचे. बोटाने मारले तरी बोट शाबूत. आजचा बूट पुढून पातळ असतो, त्याने ओला बॉल बोटाने मारला तर अंगठ्याचे नख काळेनिळे होणारच. पायाच्या वरच्या हाडावर, घोटा ताठ धरून मारायला लावा. फ्री-किक घेताना लेस पायाच्या बाजूला येणार नाही अशी ठेवा, लेसवर बसलेली किक कुठेही जाते.

आणि हेड? नको. नियम म्हणून नको. वेस्ट ब्रॉमविच अल्बियनचा फॉरवर्ड जेफ अॅस्ल २००२ साली गेला तेव्हा इंग्लंडमधल्या चौकशीत फुटबॉल हेड मारत राहिल्याने मेंदूला झालेली इजा हे कारण नोंदले गेले, आणि त्याला व्यवसायातून आलेला आजार म्हटले गेले. तो पुढच्या पिढीतला, पण मुद्दा तोच. सरावाला येणाऱ्या मुलांच्या पालकांना आधीच सांगून ठेवा की या बॉलला डोके लावायचे नाही. उंच आलेला बॉल छातीवर घ्या किंवा जाऊ द्या.

या बॉलचा सर्वांत चांगला उपयोग ऑफसाइड शिकवायला होतो, आणि खरे पैसे तिथेच वसूल होतात. १९२५ पर्यंत नियम असा होता की बॉल पुढे मारला जातो त्या क्षणी पुढच्या खेळाडूच्या आणि गोललाइनच्या मध्ये प्रतिपक्षाचे किमान तीन खेळाडू हवेत, गोलकीपर धरून. नाहीतर तो ऑफसाइड, बॉल प्रतिपक्षाला. १९०७ पासून स्वतःच्या अर्ध्या मैदानात ऑफसाइड नव्हता. क्रॉम्प्टनची अख्खी कारकीर्द या तीनच्या नियमाखाली गेली. त्या रचनेत मागे बॅक दोनच. त्यातल्या एकाने दोन पावले पुढे टाकली की मागे उरले दुसरा बॅक आणि गोलकीपर, म्हणजे दोन. फॉरवर्ड ऑफसाइड. गंमत अशी की डाव फसला तरी दुसरा बॅक मागे उभाच असतो, म्हणून धोका कमी. न्यूकॅसलच्या बिल मॅक्रॅकनने, तो आयर्लंडचा, याच खेळीवर फॉरवर्ड लोकांना इतके जेरीस आणले की शेवटी नियम बदलला. १९२५ साली तिनाचे दोन झाले. आता एक बॅक पुढे गेला तरी दुसरा बॅक आणि गोलकीपर मिळून दोन होतात, फॉरवर्ड ऑनसाइड राहतो. दोघांनी एकदम पुढे यायचे, आणि चुकले तर मागे फक्त गोलकीपर. पहिल्याच हंगामात इंग्लंडच्या पहिल्या विभागातले गोल ११९२ वरून १७०३ वर गेले.

मैदानावर हे असे करा. अर्धे मैदान, एक गोलकीपर, दोन बॅक, समोर तीन फॉरवर्ड आणि मधल्या रेषेवर पास देणारा एक. आधी दहा मिनिटे तीनच्या नियमाने. राइट-बॅक पुढे, लेफ्ट-बॅक दहा पावले मागे आणि थोडा आत. पुढच्याने नजर फॉरवर्डवर ठेवायची नाही, पास देणाऱ्याच्या पायावर ठेवायची. इथे जड बॉल कामाला येतो. ओल्या चामडी बॉलला बचाव फोडून पलीकडे घालायचे तर पाय बराच मागे खेचावा लागतो आणि तो खेचलेला पाय बॅकला स्पष्ट दिसतो. हलक्या बॉलवर घोट्याच्या झटक्याने पास निघून जातो, नवशिक्या बॅकला काही कळायच्या आत. पाय मागे गेला की पुढे पाऊल, एवढेच शिकवा. दहा मिनिटांनी नियम दोनचा करा, बॉल तोच. पाच मिनिटांत दोन्ही बॅक एका रेषेत येऊन उभे राहतात, कोणी न सांगता. शेवटी नेहमीचा बॉल द्या. तेव्हा सगळे फसते, फसू द्या. मग नजर कुठे ठेवायची हे पुन्हा सांगावे लागत नाही.

या जोडीच्या खेळाचा नमुना म्हणून इंग्लंडच्या संघातले क्रॉम्प्टन आणि वेस्ट ब्रॉमविचचा लेफ्ट-बॅक जेसी पेनिंग्टन ही जोडी सांगावी. दोघे वेगवेगळ्या क्लबांचे, वर्षाकाठी मोजके सामने एकत्र, तरी एक पुढे आणि एक मागे हा हिशेब चुकत नसे. आणि एक गोष्ट मुलांना आवडते: क्रॉम्प्टन पुढे ब्लॅकबर्नचा मॅनेजर झाला तो १९२६ साली, नियम बदलल्यानंतर. खेळाडू म्हणून एफए कप, म्हणजे इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा, त्याला कधी मिळाला नाही, मॅनेजर म्हणून १९२८ साली मिळाला, हडर्सफील्डला ३-१ हरवून.

आता निगा, कारण नव्वद टक्के तक्रारी इथल्या आहेत. खेळून झाल्यावर बॉल नळाखाली धरू नका. माती ओल्या फडक्याने पुसा, टाक्यांमधली जुन्या टूथब्रशने काढा. अर्धी हवा सोडा आणि सावलीत, वाऱ्याला, जाळीत टांगून वाळवा. उन्हात किंवा गिझरच्या पाइपाजवळ ठेवलेले चामडे आकसते, पाकळ्या सारख्या आकसत नाहीत आणि बॉल कायमचा अंडाकृती होतो. नाशिकमध्ये जुलै-ऑगस्टात वाळायला दोन दिवस लागतात. ओलाच पिशवीत कोंबला तर तिसऱ्या दिवशी हिरवी-पांढरी बुरशी. ती कोरड्या फडक्याने घराबाहेर पुसा, शिवणीत शिरलेली असेल तर दोरा कुजायला लागलाय असे समजा.

पूर्ण वाळल्यावर मेण. तयार डबिन, म्हणजे चामड्याला लावायचे मेण-तेलाचे मलम, मिळाले तर उत्तम, नाहीतर गावातल्या काष्ठौषधीच्या दुकानातून मधमाशांचे मेण आणा. मेणबत्तीचे नव्हे, ते थंड झाल्यावर तडकून गळते. एक भाग मेण, तीन भाग एरंडेल. गरम पाण्यात ठेवलेल्या वाटीत वितळवा, थेट गॅसवर नको. दहा ग्रॅम मेणाचे मलम दोन-तीन वेळा पुरते. ते बोटाने आधी शिवणीत आणि मगच पाकळ्यांवर अगदी पातळ लावा, रात्रभर ठेवून जास्तीचे पुसून काढा. खोबरेल लावू नका. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो, तेल थिजते आणि बॉल दगडासारखा होतो. उन्हाळ्यात तेच तेल चामड्यात मुरून ते ढिले पाडते. आणि दर आठवड्याला मेण चोपडायचा हौशीपणाही नको, त्याने वजन वाढते आणि माती जास्त चिकटते.

शिवण उसवली तर जाड बुटांचे काम करणाऱ्या मोच्याकडे न्या, नुसत्या सोल चिकटवणाऱ्याकडे नको. त्याला दोन गोष्टी सांगा. जुन्याच भोकांतून दोन सुयांनी, समोरासमोर, मेणदोऱ्याने टाके घालायचे. नवी भोके पाडली तर चामडे तिथे तिकिटासारखे फाटते. आणि ब्लॅडर आधी काढायचे. मूळ शिवण उलट्या बाजूने घालून बॉल चिरेतून उलटवलेला असतो, त्यामुळे टाके बाहेर दिसत नाहीत. दुरुस्तीचे टाके मात्र बाहेर राहतात आणि पुढे झिजून तिथेच सुटतात. म्हणून दोन शेजारच्या शिवणी एकदम गेल्या असतील तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका.

किंमत चांगल्या शिवलेल्या सिंथेटिक बॉलच्या दुप्पट-तिप्पट पडते, ब्लॅडर वेगळे मागवावे लागते. एका क्लबाला एकच बॉल पुरे. तो रोजच्या वापरात आला तर एक पावसाळाही टिकणार नाही, आठवड्यातून एकदा अर्धा तास काढला तर तीन-चार वर्षे सहज. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर घेऊन जाणार असाल तर जॉगिंग ट्रॅककडे पाठ करून किकचा सराव घ्या. ओला, लेसवाला बॉल सकाळी चालायला आलेल्या आजोबांच्या पाठीत बसला तर क्रॉम्प्टनचे नाव सांगून सुटका होत नाही. आणि मागवताना ब्लॅडर एक नाही, दोन सांगा. पहिले बांधायला शिकतानाच फुटते.